खुंटीचं डोकं, काठीचा पाय

औरंगाबादेत आमच्या मालकीची शिडाची होडी होती, असं मी आजही कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. शहराचं नाव आता बदललंय, हसणं तेच आहे. खाम नदीत घोटाभर पाणी नाही आणि यांच्या घरी म्हणे होडी. मी वाद घालत नाही. होडी शहरात नव्हतीच मुळी. ती होती माझ्या आजोळी, पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या काठावर. तिचं शीड तेवढं शहरात होतं, गुलमंडीच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या तिथं, ज्वारीच्या कोठीवर घडी घालून ठेवलेलं. फाटलं की आई गुलमंडीवरून जाड कापड आणून ठिगळ लावायची आणि उन्हाळ्यात त्याच शिडावर पापड वाळत घालायची. अण्णांना ते खपायचं नाही. "शिडाला पापडखार लागला तर वाऱ्याला तोंड आंबट होईल," म्हणायचे. आई म्हणायची, "वाऱ्याला तोंड असतं तर त्यानं तुम्हाला कधीच सांगितलं असतं, की बाबा, घरी बस." हे दर उन्हाळ्यात, याच शब्दांत.

अण्णा म्हणजे माझे वडील. पंधरा वर्षं नौदलात सुतारकी करून ते परत आले आणि शहरातल्या एका कारखान्यात लाकडी साचे करायच्या कामाला लागले. माणूस अबोल. समुद्राबद्दल विचारलं तर "खारट असतो" एवढंच सांगायचे. पण सुट्टी मिळाली की आजोळी जाऊन मामाच्या गोठ्याशेजारी त्यांनी दोन वर्षं खपून सोळा फुटांची होडी बांधली. गाव बघायला यायचं. माझ्या मामाची, भाऊमामांची, निम्मी जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली. बांध कोरणाऱ्या भावकीकडं बघावं तसं मामा त्या पाण्याकडं बघायचे. धरण होईपर्यंत त्या गावात मासा कसा साफ करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पहिला मासा मामीनं म्हणे वांग्यासारखा उभा चिरून मसाला भरून केला होता, काट्याखवल्यासकट. आता त्याच घरात रविवारी मासा नसला तर पोरं ताट सरकवतात. माणूस कशालाही सरावतो, मामांना होडीची सवय काही झाली नाही.

होडीचं खरं दुखणं तिची डोलकाठी. सागाची, वीस फूट, खाली लोखंडी बिजागरी. पाण्यातलं काम संपलं की काठी मागच्या बाजूला आडवी निजवायची, जाताना पुन्हा उभी करायची. अण्णा काठीखाली खांदा घालायचे आणि मागून पुढं एकेक पाऊल सरकत तिला उभी करायचे. मी किंवा मामा बाजूनं दोर धरून असायचो, कारण काठी अर्ध्यावर आली की तिला डावी-उजवी आठवते. मामा म्हणायचे, "सुरवातीला जोर लागतो, मधी अक्कल लागती, आन् शेवटाला देव." आम्ही नसलो तर अण्णा एकटेही उभी करायचे, खांदा, गुडघा आणि दातांत दोर धरून. त्यांचं एक म्हणणं होतं. जी होडी एकट्यानं उभी करता येत नाही ती आपली नाही, ती दुसऱ्याच्या हाताची.

मग एका सकाळी दात घासताना त्यांचा उजवा हात वर गेलाच नाही. झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं महिन्याभरात सुधारलं, चालणं सुधारलं. हात मात्र खांद्यापासून तसाच लोंबत राहिला. घरातले आवाज बदलले. पूर्वी सकाळी रंध्याचा आवाज यायचा, आता आईच्या बांगड्यांचा यायचा, कारण त्यांची बटणं ती लावायची, भाकरी तीच कुस्करून द्यायची. ते गल्लीच्या कोपऱ्यावर पानासाठी निघाले तरी ती चप्पल घालून मागं. आठ महिने ते एकटे असे कुठंही गेले नाहीत. एकदा मी पाहिलं, ते कोठीसमोर उभे राहून डाव्या हातानं शिडाची घडी नुसती चाचपत होते. आईनंही पाहिलं. त्या दिवशी भाकरीबरोबरचं कोरड्यास खारट झालं.

माघात मामा घरी आले. आईनं धपाटे केले होते, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. मामांनी चार धपाटे संपवले, हात धुतला आणि मग विषय काढला.

"दाजी, होडी वाळायलीय नुसती. फळ्या उकलायल्यात. माझी गव्हाण मोडलीय. पाडव्यापासून बैलांना तीच करावी म्हनतो."

अण्णांनी मान वर केली नाही. "घेऊन टाका," म्हणाले.

मी दारात गहू निवडत होते. सतरा वर्षांची होते. त्या होडीत मी पोहायला शिकले, वारा कुठून येतो हे मानेवरच्या केसांनी ओळखायला शिकले. बैल त्यात तोंड घालून कडबा खाणार, हे चित्र मला दिसलं. मी म्हणाले, "मी उभी करते डोलकाठी."

"एकटीनं?" अण्णांनी विचारलं.

"एकटीनं."

"दुसरा हात लागला तर गव्हाण."

"बरं."

"पाडव्यापर्यंत."

"बरं म्हटलं ना."

आईनं तव्यावरचा धपाटा इतक्या जोरात उलटला की तेल बाहेर उडालं. तिनंच मामाला निरोप धाडून बोलावलं होतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. अण्णांचं ते कोठीसमोर उभं राहणं तिला बघवत नव्हतं.

परीक्षा संपल्या तशी मी आजोळी गेले. पाडवा आठ दिवसांवर. धरणाचं पाणी तोवर बरंच मागं हटलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात लोक पीक घेतात. त्याला आमच्याकडं गाळपेरा म्हणतात. पाण्याखाली गेलेली आपलीच जमीन चार महिन्यांसाठी भेटायला येते. मामांनी तिथं गहू केला होता. त्याच्या कडेनं मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं एक पाल ठोकलेलं, काठीवर ताणलेली राहुटी. दिवसभर तीनच आवाज: मेंढ्यांचं बँ बँ, पाणी उपसणाऱ्या इंजिनाची फटफट, आणि होडीवर सुटलेला एक दोर वाऱ्यानं लाकडावर आपटायचा तो. माझ्या हट्टापायी मामांनी बैल लावून होडी पाण्याच्या काठावर ओढून आणली. "बैलांनाच ओढायला लावलंय त्यांची गव्हाण," म्हणाले आणि स्वतःच हसले.

पहिल्या दिवशी मी अण्णांसारखा खांदा घालून पाहिला. काठी माझ्या कमरेपर्यंत आली आणि तिथंच आम्ही दोघी थांबलो. शेवटी मीच हळूच खाली बसले. दुसऱ्या दिवशी डोकं चालवलं. मामांच्या विहिरीवरची जुनी कप्पी आणली, ती होडीच्या नाकाला बांधली. काठीच्या बुडाशी दोन बांबूंची कैची उभी केली आणि काठीच्या शेंड्याचा दोर त्या कैचीवरून कप्पीत घेतला, म्हणजे ओढ वरून बसते. पाचोडच्या बाजारातून नवा दोर आणला होता, त्यानं तळहात सोलले, पण काठी उठली. तुरीची काडी उचलावी इतकी सहज. मला हसू आलं. अर्ध्यावर आली, वारा थोडा फिरला, आणि काठी डावीकडं कलली. माझ्या दोन्ही हातांत ओढायचा दोर. बाजूला कोण? कुणीच नाही. काठी धाडकन गाळात गेली आणि जाताना होडीच्या काठाची एक फळी घेऊन गेली.

पालातली बाई हे बघत होती. भागाबाई तिचं नाव, वय चाळीस-पंचेचाळीस. नवरा मेंढरांमागं गेला की दिवसभर पालात ती आणि एक कुत्रं. ती कमरेवर हात ठेवून आली.

"काय करायलीस गं पोरी? मघापासून बघायले."

"काठी उभी करायचीय, मावशी."

"एकटीच?"

"व्हय."

"मंग बाजू कुनी धरली?"

"कुणी नाय."

"म्हनून पडली. आन इकडं, धरते मी."

मी नको म्हणाले आणि कारण सांगितलं. वडिलांची अट ऐकून तिला काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "बराबर हाय त्याचं. आमचं मानूस मेंढरात असतंय, वावटळ काय त्याला विचारून येती? पाल मी एकटीच ठोकते." मग तिनं मला पालाशी नेलं. तसाही तिला पालाचा रोख बदलायचा होता, वारा तोंडातून आत घुसत होता. तिनं पाल पाडलं. मधली काठी जमिनीवर निजवली, बूड खड्ड्याशी. त्या बुडाच्या अगदी रेघेत, डाव्या-उजव्या अंगाला दोन खुंट्या ठोकल्या. काठी निजलेली असतानाच तिच्या शेंड्यापासून दोन्ही खुंट्यांना दोर ताणून बांधले. मग समोरचा दोर एका हातानं ओढला, दुसऱ्या हातात तंबाखू होती. काठी उठली, आणि उठताना ना डावीकडं गेली ना उजवीकडं. बाजूचे दोर निजलेल्या काठीला जेवढे ताठ होते तेवढेच उभ्या काठीलाही ताठ राहिले.

"आदी बाजू बांदायची, मंग उचलायचं," ती म्हणाली. "सगळे उलटं करत्यात. आदी उचलत्यात, मंग बाजू धराया मानसं हुडकत्यात."

मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. भागाबाईनं त्या दिवशी तंबाखू मळत जे दाखवलं ते मी दर वर्षी नववीच्या वर्गाला दार आणि दोरी घेऊन दाखवायचे. दोरीचं एक टोक दाराच्या कडेला आणि दुसरं, दार ज्या बिजागऱ्यांवर फिरतं त्यांच्या रेघेत कुठंही बांधा, दार कसंही फिरवा, दोरी ना सैल पडते ना ताणते. पोरांना कंटाळा यायचा. त्यांच्या अंगावर कधी वीस फुटांचा साग पडला नव्हता.

मी धावत आले आणि अगदी तसंच केलं. अगदी तसंच, हीच चूक. बिजागरीच्या रेघेत दोन्हीकडं बाभळीच्या खुंट्या गाळात ठोकल्या, जमिनीलगत, भागाबाईच्या होत्या तशा. दोर ताणले, कैची लावली, ओढायला लागले. काठी सरळ उठली. पण जसजशी वर यायला लागली तसतसे बाजूचे दोर ताणायला लागले. अर्ध्याच्या वर गेल्यावर ते तारेसारखे वाजायला लागले आणि काठी अडली. मला वाटलं, माझाच जोर कमी पडतोय. पाय रोवले, दात आवळले आणि होतं नव्हतं ते लावलं. डाव्या हाताची खुंटी गाळातून उपटून निघाली आणि सणसणत येऊन माझ्या नडगीवर बसली. काठी पुन्हा गाळात. नडगीवरची ती खूण अजून आहे. पावसाळ्यात ठणकते, मग मी तिला शिव्या देते.

मी तिथंच बसून रडले. दुखलं म्हणून थोडं, पण जास्त रागानं. पाच दिवस उरले होते. मामा सांजच्याला येऊन गेले, पडलेली काठी पाहिली, माझा पाय पाहिला आणि म्हणाले, "बास कर मंदा. मी दाजीला सांगतो, उभी केली म्हनून. कोन बघायलंय?" माणूस वाईट नव्हता. त्यांना गव्हाण पाहिजे होती तरी हे म्हणाले. मी नको म्हणाले. अण्णांनी माझ्या तोंडाकडं बघितलं असतं की त्यांना कळलं असतं, आणि मग ते काही बोलले नसते. ते न बोलणं मला झेपलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भागाबाईनं हळद आणि चुना आणून नडगीला लावला. मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा दिला. उपटलेली खुंटी हातात घेऊन बराच वेळ होडीकडं बघत राहिली.

"तुझ्या काठीचा पाय कुठंय?"

"होडीत."

"म्हंजी जमिनीवर नाय."

"नाय. कमरेला येतो जवळजवळ."

"मंग खुंटी जमिनीवर कशी ठोकलीस?"

ती म्हणाली, "माझ्या काठीचा पाय भुईवर, म्हनून खुंटी भुईवर. जितं काठीचा पाय, तितं खुंटीचं डोकं. तुझी खुंटी खाली राहिली, म्हनून दोर आखूड पडला." हे सांगताना तिचा आवाज अजिबात चढला नाही, इकडं माझी मात्र कानशिलं तापली, इतकी सोपी गोष्ट. मी मामांच्या लाकडांच्या ढिगातून बाभळीच्या दोन जाड मेढी मागून घेतल्या, वरच्या टोकाला बेचकं असलेल्या. होडीच्या दोन्ही अंगांना हात-दीड हात खोल गाळात पुरल्या, बुडाशी दगड ठेचून भरले आणि मागच्या बाजूनं ताण दिले. बेचकं बरोबर बिजागरीच्या उंचीला. त्याला एक अख्खा दिवस गेला. त्या दिवशी आणि पुढं पाडव्यापर्यंतही मी काठी उभी करून पाहिली नाही. घाबरत होते, हे सरळच सांगते.

पाडव्याला सकाळी सगळे आले. अण्णा आणि आई आदल्या दिवशीच्या एसटीनं आले होते, आईच्या काखेत शिडाची घडी. घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंबाचा पाला आणि गूळ चावून तोंडं वाकडी झाली, चुलीवर पुरण शिजत होतं, आणि सगळे काठावर. भागाबाईचं पाल दोन दिवसांपूर्वी उठलं होतं. तिथं फक्त खुंट्यांची भोकं आणि राखेचा ढीग. तिला दिसायला पाहिजे होतं, असं मला राहून राहून वाटत होतं.

अण्णा पालथ्या पाटीवर बसले. मी दोर बांधले, एकेक गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ओढायला सुरुवात केली. काठी उठली. अर्ध्यावर आली तेव्हा वाऱ्याची एक झुळूक आली आणि शेंडा थरथरला. मला डोळ्याच्या कडेनं दिसलं, अण्णांचा डावा हात उठला होता.

"अण्णा, हात खाली," मी म्हणाले. त्यांच्याशी या सुरात मी त्याआधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

त्यांनी तो हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. काठी उभी राहिली. बाजूचे दोर सुरुवातीला होते तसेच होते. मी पुढचा दोर होडीच्या नाकाशी गुंडाळला, बिजागरीत खीळ ठोकली आणि खाली उतरले. मामा म्हणाले, "म्हंजी माझी गव्हाण गेली." मामी म्हणाली, "दुसरी करा, बाभळी काय कमी हैत?"

अण्णा उठले. मेढीपाशी गेले, बेचकं बघितलं, दोरावर बोट वाजवलं, वाकून बिजागरीची उंची डोळ्यानं मापली. शाबासकी वगैरे नाही. म्हणाले, "उतरव."

"का?"

"उतरव."

मी उतरवली. रडू कोसळायच्या बेतात होतं. मला वाटलं, काहीतरी चुकलं. ते म्हणाले, "सरक बाजूला," आणि होडीत चढले. डाव्या हातानं दोर ओढायचा, ओढलेला भाग पायाखाली दाबायचा, पुन्हा ओढायचा. खांदा लागत नव्हता, उजवा हात लागतच नव्हता, कारण बाजू आधीच बांधलेली होती. अर्ध्यावर त्यांचा श्वास भरला. मी पुढं झाले. "हात लावू नको," ते म्हणाले. काठी उभी राहिली. त्यांनी खीळ डाव्या हातानं ठोकली, चार घावांत.

मग त्यांनी शीड मागितलं. मला वाटलं, आता आम्ही जाणार. मी साडी खोचली. मामांनी आणि गड्यांनी बाजूचे दोर मेढींवरून सोडून होडीच्या काठांना बांधले, होडी पाण्यात लोटली, शीड भरलं, आणि अण्णा मागं न बघता एकटे निघून गेले.

मला इतका राग आला की काय सांगू. सोललेले हात माझे, फुटलेली नडगी माझी, वाचवलेली होडी माझी, आणि हा माणूस मला न घेता गेला. मी आईकडं वळले, तिनं ओरडावं, बोलवावं म्हणून. आई गाळात फतकल मारून बसली होती, पाडव्याच्या नव्या लुगड्यासकट. पदर तोंडाला लावलेला. "गेले," ती म्हणाली. "आठ महिन्यांनी एकटे गेले गं माझ्या बाई." ती रडत होती की हसत होती हे मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढं विचारायचंही राहून गेलं.

शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला असलेला माझा भाचा मला विचारतो, मावशी, एवढं करण्यापेक्षा बटण दाबलं की उभी राहणारी काठी का नाही बसवली? मी त्याला चहा देते.

अण्णा परत आले तेव्हा पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. काठाशी येऊन त्यांनी डाव्या हातानं दोर माझ्याकडं फेकला. नेम चुकला, दोर पाण्यात पडला. मी कमरेइतक्या पाण्यात शिरून तो धरला. चेहरा त्यांचा उन्हानं लाल झालेला.

"मला न घेता गेलात," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "तू जाशील तवा मलाबी घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. काठी उभी केली, शीड चढवलं, आणि पाण्यात थोडं आत गेल्यावर एकदा मागं बघितलं. अण्णा पालथ्या पाटीवर बसले होते, डावा हात मांडीखाली घेऊन.